पहिला नंबर

वीज कंपन्यांची कार्यक्षमता मोजणाऱ्या आयोगातला एक अधिकारी त्या सकाळी आईला घेऊन मोठ्या दवाखान्यात आला होता. डोळ्यांत औषध घातलेली आई मिटल्या डोळ्यांनी बाकावर बसली होती. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला दोघी नणंद-भावजया बोलत होत्या.

“वहिनी, दादा खांबावर एकटाच कसा चढला?”

“हल्ली एकटेच जातात. जोडीदाराला कंपनीनं कधीच घरी बसवलं.”

“मग खाली उभं राहून लाइन बंद आहे का ते बघायचं कुणी?”

“त्यांनीच बघायचं आणि त्यांनीच चढायचं.”

“साहेबांना सांगायचं नाही का?”

“सांगितलं की! साहेब म्हणाले, कमी माणसांत जास्त वीज पोचवली म्हणून आपला पहिला नंबर आलाय, आता कुरकुर नको. वरून शाबासकी मिळालीय. बाकीच्या कंपन्यांनाही म्हणे आमचाच कित्ता गिरवायला सांगितलाय.”

समोरचं दार उघडून नर्स बाहेर आली.

“लाइनमनच्या घरचं कोण आहे?”

“मी. बायको.”

“सही लागेल. उजवा हात ठेवता येणार नाही म्हणतात डॉक्टर.”

“डावा तरी राहील ना?”

“तुम्ही आधी आत या.”

भावजय आत गेली. नणंद तोंडावर हात दाबून रडू लागली. अधिकारी खाली फरशीकडे बघत राहिला. आईने मिटल्या डोळ्यांनीच त्याचा दंड चाचपला.

“का रे, हे नंबर तुमच्याच ऑफिसातून निघतात ना?”

“हळू बोल, आई.”