खांद्यावरचा हात

...नाही, नाही, असं दचकून नाही चालायचं. पुन्हा. हे बघ, मी खांद्यावर हात ठेवतो, आणि बोट टेकतंय न टेकतंय तोच तुझ्या तोंडून काय आलं पाहिजे? हुद्दा आणि नाव. बेंबीच्या देठापासून — ‘शिपाई हान दो-गॉन!’ तोंडात भात असला तरी. वरिष्ठाचा हात लागला की नाव बाहेर. दमलास? मग कॉफी घे की, तुझ्या चाहत्या पोरींनी कॉफीची अख्खी गाडीच सेटवर पाठवलीय, वर तुझा एवढा मोठा फोटो लावून. आमच्या पलटणीत कुणाला अशी गाडी आली असती ना — जाऊ दे.

हसू नकोस. तेवीस वर्षं सुभेदारकी केलीय, म्हणून तर या मालिकावाल्यांनी सल्लागार म्हणून आणलंय मला. घडी कशी घालायची, बूट कसे लावायचे. शिव्यासुद्धा मीच सुधारून दिल्या, लेखिकाबाईंच्या शिव्या फारच सोज्वळ होत्या. पण आजचा सीन — तो साफ खोटा आहे. तुझा हान तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी टाकतो, की जुने शिपाई मला मारतात. आणि सुभेदार काय करतो? फाडून कचऱ्यात टाकतो! असं कुठे असतं का? मी दिग्दर्शकाला म्हटलं, तर तो म्हणे, प्रेक्षकांना व्हिलन लागतो. अरे, मी आयुष्यात एक चिठ्ठी फाडली नाही. सगळ्या वाचल्या. दोन-दोनदा वाचल्या.

मग केलं काय म्हणतोस? चांगलंच केलं! अक्षर ओळखलं मी — गोल, टपोरं, अख्ख्या बराकीत तसं एकाचंच. निनावी कसली डोंबलाची. वाटलं, पोराला जरा धीर द्यावा. दुपारची जेवणं चालली होती मेसमध्ये, सगळे बसलेले, ते मारणारे चौघंही. मी चिठ्ठी हातात घेऊन त्याच्यामागे गेलो, वाकलो, अगदी हळू म्हटलं, ‘वाचली रे, बघतो मी काय ते.’ आणि खांद्यावर हात ठेवला. असा. बापानं ठेवावा तसा —

‘शिपाई प्यो इन-सप!’

केवढ्यानं ओरडला! नियमच तो, मीच घोटून घेतलेला. सगळ्या मेसमधले चमचे थांबले. आधी त्याच्याकडे बघितलं सगळ्यांनी, मग माझ्या हातातल्या कागदाकडे.

हान. तू हान म्हणायचंस. प्यो विसर.

असं बघू नकोस माझ्याकडे. दिला ना मी त्या चौघांना दम, लेखी माफी घेतली! कसला दम नि कसली माफी... अकराव्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून नेलं. एक कान गेला, आणि डोकं — जिवंत आहे, जिवंत आहे. आईजवळ असतो, गावी. दर छुसॉकच्या सणाला मी नाशपतीची पेटी घेऊन जातो. आधी ती बाई दारच उघडायची नाही, मी पेटी पायरीवर ठेवून परत यायचो. गेल्या वर्षी उघडलं. तो अंगणात मिरच्या वाळत घालत होता, पाठमोरा. चौतिशीचा झालाय, केस पिकायला लागलेत. आणि हा माझा मेला हात — काय सांगू तुला — गेला की रे त्याच्या खांद्यावर!

हं. तेच. मिरच्यांची टोपली टाकून, ताठ उभा राहून, तेच. शेजारची कुत्री भुंकायला लागली. आई म्हणाली, ‘सुभेदारसाहेब, चौदा वर्षं झाली. आता तरी त्याला विश्राम म्हणा. आमच्या कुणाच्या सांगण्यानं बसत नाही तो.’

एक शब्द होता. एक. पोरगं उभं माझ्यासमोर, आणि मी गेट उघडून चालू लागलो. मागे वळून बघितलं नाही. बसला की नाही, माहीत नाही मला.

बोलावतायत बघ तुला. दिग्दर्शकाला काही सांगू नकोस. फाडू दे चिठ्ठी — बरंय तसंच. फाडली असती तर बरं झालं असतं. तुझी स्वतःची सक्तीची लष्करभरती मार्चमध्ये ना? तिकडे कधी पेटीत काही टाकायची वेळ आली, तर डाव्या हातानं लिही.

जा म्हटलं ना. असा ताठ काय उभा राहिलायस? हात काढलाय मी केव्हाच.

...विश्राम. जा.