कलम सातमधलं वाक्य

बाई : परत वाचते, साहेब. कलम सात. "उत्तर काठावर नदीची हद्द जुन्या पायऱ्यांपासून धरण्यात येईल. रेघ जरा पलीकडे घ्या, वहिनींच्या झोपाळ्याची जागा जातेय. सदर हद्दीच्या आतील सर्व बांधकामे बेकायदा समजण्यात येतील."

साहेब : हळू वाचा. बाहेर छपाईचे मशीनवाले बसलेत.

बाई : हळू कशाला? कायदा आहे. काल सभागृहानं एकमतानं मंजूर केलाय.

साहेब : अहो, मसुदा त्या काठावरच्या बंगल्याच्या मालकांच्या ऑफिसातून आला. त्यांच्या धाकट्या भावानं समासात काहीतरी खरडलं असेल, टायपिस्टनं तेही टाइप केलं. होतं असं.

बाई : टायपिस्टचं जाऊ द्या. पुढे खात्यानं शिक्का मारला. समितीच्या तीन बैठका झाल्या, जेवणासकट. मग मंत्र्यांनी सभागृहात कलम वाचून दाखवलं.

साहेब : हे वाक्यसुद्धा?

बाई : हे वाक्यसुद्धा. कामकाजाच्या नोंदीचं प्रूफही माझ्याकडेच येतं ना. झोपाळ्यापुढे कंसात लिहिलंय, बाकं वाजवून स्वागत.

साहेब : बरं. आता सरकारी छापखान्याची शोभा नको. तेवढं वाक्य काढा, प्रूफवर सही करा आणि घरी जा.

बाई : पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत, मंजूर मजकुरातला स्वल्पविरामही आपला नाही.

साहेब : तेव्हाचे कायदे वेगळे होते.

बाई : कायदे तेव्हाही मालकांकडूनच यायचे. फक्त तेव्हा वाचून पाठवायचे.

साहेब : बाई, तुमची पेन्शन दोन वर्षांवर आलीय. समजून घ्या जरा.

बाई : आलीय. आणि समोरच्या काठावर माझ्या दादाचं घर आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. बाबांनी बांधलेलं.

साहेब : त्याचा इथे काय संबंध?

बाई : कलम आठ तरी वाचलंत का? नदीची रुंदी आहे तेवढीच ठेवायची. मालकांच्या बागेसाठी बारा हात सोडले, ते समोरून भरून काढायचे. दादाची अख्खी गल्ली कालपासून नदीत आहे. आज सकाळी नदीत बसून पंक्चर काढत होता बिचारा, त्याला पत्ताच नाही.

साहेब : आणि हे वाक्य ठेवलंत म्हणून त्याचं घर वाचणार?

बाई : वाचेल. निदान वाचू शकेल. रेघ कोणासाठी हलली ते लोकांना कळेल. एखादा वकील हाच कागद कोर्टात दाखवील. तेवढीच एक आशा आहे त्याला, आणि ती तुम्ही मला खोडायला सांगताय. किळस येते हो, साहेब. त्यांनी घाण करायची आणि आपण पुसून, इस्त्री करून द्यायची.

साहेब : मी असं करतो, वर विचारतो.

बाई : मंत्र्यांना?

साहेब : मंत्री मालकांनाच विचारणार. त्यापेक्षा सरळ तिकडेच फोन लावतो.

(साहेब आतल्या खोलीत जातात. दहा मिनिटांनी परत येतात.)

बाई : काय म्हणाले? काढा म्हणाले ना? मी सही करणार नाही, आत्ताच सांगते. हवा तर राजीनामा लिहून देते.

साहेब : बसा आधी.

बाई : उभीच बरी आहे.

साहेब : खुद्द मालक होते फोनवर. मी वाक्य वाचून दाखवलं. हसायला लागले. थांबेचनात. मग वहिनींना बोलावलं आणि मला परत वाचायला लावलं.

बाई : तुम्ही वाचलंत?

साहेब : काय करणार? वाचलं.

बाई : मग?

साहेब : राहू दे म्हणाले. एक प्रत जाड कागदावर वेगळी काढायचीय. वहिनींना फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचीय.

बाई : कोर्टात कोणी गेलं तर, हे नाही आलं त्यांच्या मनात?

साहेब : न्यायाधीश तिथेच जेवायला होते. त्यांचंही हसू ऐकू येत होतं मला.

बाई : हं.

साहेब : असं बघू नका माझ्याकडे. तुमच्या मनासारखंच झालं की. आहे तसंच छापायचंय.

बाई : द्या ते प्रूफ इकडे.

साहेब : सही करताय?

बाई : न करायला कारण काय उरलं? मजकूर मंजूर झाला तसाच आहे. इथेच करायची ना, खाली?

साहेब : हो, तारखेच्या वर. बाई, दादांना काय सांगणार?

बाई : सांगेन, सामान बांधायला घे. मी स्वतः तपासलंय, कुठेही चूक नाही.