उपासनी सरांचा ताप

...आणि वर आमचा सेक्रेटरी सुबोध मलाच विचारतो, "सर हल्ली बोलत का नाहीत रे?" आता काय सांगायचं ह्याला? जो माणूस पस्तीस वर्षं वर्गात बोलला, रिटायर झाल्यावर भाजीवाल्याकडे बोलला, लिफ्टमध्ये तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत अख्खी पेशवाई उरकायचा, तो माणूस दोन महिने नुसती मान हलवतोय, आणि हा विचारतो का! अरे बाबा, ते कपाट त्यांना उघडून कोणी दिलं? तूच ना?

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. आमची सोसायटी मुलुंड ईस्टला, चोवीस बिऱ्हाडं, यंदा पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं म्हटल्यावर स्मरणिका आली, आणि स्मरणिका म्हटल्यावर ती लिहिणार कोण? मार्तंड उपासनी. इतिहासाचे मास्तर, वय बहात्तर, आणि आमच्या बिल्डिंगमधले माझ्या वयाचे निम्मे लोक त्यांच्याच हाताखाली शिकलेले. सुबोधही आणि मीही. सरांचं एक वाक्य होतं. तास कुठलाही असो, शेवट त्याच वाक्यानं. "आधी काय झालं ते माहीत असलं की माणूस पुन्हा तसं करत नाही." आणि पेपरात हमखास पाच मार्कांचा प्रश्न : अमक्या प्रसंगी तू तिथे असतास तर काय केलं असतंस? आम्ही सगळे काय लिहायचो? मी विरोध केला असता. बस. फितुरी असो, दगा असो, दुष्काळात कोठारं बंद करणं असो, चाळीस पोरं आणि चाळीसही पोरांचा कडकडीत विरोध. पाचपैकी पाच. सुबोधला तर एकदा समासात शाबासकीसुद्धा मिळाली होती.

तर सुबोधनं सरांना ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडून दिलं. आत पन्नास वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, लाल कापडी बांधणीची जाडजूड पुस्तकं. सर खूश. रोज सकाळी चहा पिऊन खाली उतरायचे, नाकाला रुमाल बांधून बसायचे. आणि त्यातलं चौऱ्याऐंशी सालचं पुस्तक तर त्यांनी मुद्दाम शोधलं, कारण त्या सालची एक गोष्ट ते आम्हाला वर्गातही सांगायचे.

ती गोष्ट अशी. शाळेत चित्रकलेला जयवंत परब म्हणून मास्तर होते. सरांचे जिवलग मित्र. वडील लालबागला गिरणीत होते, संप झाला, गिरणी गेली, एका खोलीत सात माणसं. जयवंत मास्तरांनी कसेबसे पैसे उभे केले आणि आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर जागा घ्यायचं ठरवलं. मित्राच्या शेजारी राहू म्हणून. त्यांची बायको, सुगंधा वहिनी, खिडक्यांची मापंही घेऊन गेली होती. आणि कमिटीनं अर्ज नाकारला. का? तर गिरणीवाल्यांचं खटलं, दहा माणसं येऊन राहतील, रोज मासळी तळतील. सर सांगायचे, "मी त्या मीटिंगला नव्हतो. तापानं फणफणलो होतो. मी असतो तर होऊ दिलं नसतं." हे सांगताना त्यांचा आवाज चिरकायचा हो, पन्नास वेळा सांगून झालं तरी. आणि मग तेच, माहीत असलं की माणूस पुन्हा तसं करत नाही.

सरांनी पान उघडलं. अक्षर त्यांचंच.

तेव्हा ते एकतीस वर्षांचे, अक्षर सुंदर म्हणून त्यांनाच सेक्रेटरी केलेलं. हजर सभासदांत पहिलंच नाव मा. ग. उपासनी. पुढे चर्चा, आणि पुढे ठराव : "श्री. जयवंत परब यांचे कुटुंब सोसायटीच्या वातावरणास साजेसे नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात यावा." अनुमोदक कोणीतरी, ते वारलेही आता. आणि सूचक? सूचक म्हणजे ठराव मांडणारा. सूचक, मा. ग. उपासनी. एकमताने संमत.

मला ते नंतर म्हणाले, मी तारीख तीनदा वाचली, मला वाटलं दुसरा कोणी उपासनी असेल. अख्ख्या मुलुंडात दुसरा उपासनी नाही! ते पुस्तक तसंच उघडं घेऊन वर गेले. त्यांची बायको, उत्तरा काकू, पोळ्या लाटत होत्या. सरांनी विचारलं, त्या मीटिंगच्या दिवशी मला ताप होता ना? काकूंनी लाटणं थांबवलं नाही.

"ताप होळीला होता. मीटिंग पाडव्यानंतर झाली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेला होतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं सांगायचात," काकू म्हणाल्या, "मला वाटायचं माझंच चुकतंय."

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कोणी ते पान गुपचूप मिटलं असतं. मिटायचंच की! चाळीस वर्षं कोणी बघितलं नाही, आणखी चाळीस वर्षं बघितलं नसतं. पण ह्यांनी शिकवलं काय होतं आयुष्यभर? आणि त्यात नेमका त्याच महिन्यात अर्ज आला होता. राजेशचा ब्लॉक, राजेश असतो कॅनडात, तो त्यानं अक्षता नावाच्या एका नर्सला भाड्यानं द्यायचं ठरवलं. बाई एकटी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, सोबत आठ वर्षांची मुलगी. तर आमच्या लोकांचं सुरू. एकटी बाई, ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, कोण सोडायला येणार, कोण न्यायला येणार... सुबोध तर ऑफिसात बोलावं तसं बोलायचा, "पर्सनली मला काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटी म्हणून विचार करायला लागतो ना यार."

सरांना वाटलं, हीच वेळ. सर्वसाधारण सभेत उठले. हातात ते लाल पुस्तक. अख्खा ठराव वाचला. सूचक म्हणून स्वतःचं नाव वाचलं. म्हणाले, मी तुम्हाला वर्गात खोटं सांगितलं, मला ताप नव्हता. मी घाबरलो होतो, कमिटीतले सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांनी म्हटलं तू मांड, मी मांडलं. माझ्या मित्राचं घर मी घालवलं. आता तुम्हाला माहीत आहे. माहीत असलं की माणूस पुन्हा तसं करत नाही.

मला वाटलं, जिंकले सर. खरंच वाटलं.

मग सुबोध उठला. चष्मा पुसला, गंभीर चेहरा केला. "सर, हे तुम्ही शोधलंत ते फारच महत्त्वाचं आहे. आम्हाला वाटत होतं की असं नाकारायला काही आधार नाही. म्हणजे आपल्याकडे पहिल्यापासून पद्धत आहे तर. ह्याची एक झेरॉक्स मिळेल का?"

झेरॉक्स मागितली हो त्यानं! आणि ठरावही तोच घेतला, शब्द न शब्द, "सोसायटीच्या वातावरणास साजेसे नसल्याने", फक्त परब काढून तिथे अक्षताचं नाव. सरांचीच भाषा. शुद्धलेखनाची एक चूक नाही. हात वर झाले. विरोधात दोन, सर आणि उत्तरा काकू. बाकी सगळे बाजूनं, त्यात सरांचे विद्यार्थी किती? मी मोजले. नऊ. पाचपैकी पाचवाले नऊ.

माझ्याकडे असं बघू नका. मी विचार केला होता, अगदी मनापासून विचार केला होता की हात वर करायचा नाही. पण डावीकडच्यानं केला, उजवीकडच्यानं केला, आणि आपला हात असा मांडीवर एकटाच... तुम्ही कधी बसलाय का असे? मग कळेल. दहावा मी.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः अक्षताला सांगायला गेले. तिला फोनवर कळवून चाललं असतं, पण नाही, गेले. ती म्हणाली, "सर, ही सातवी सोसायटी. बाकीचे फोनच उचलत नाहीत. तुम्ही निदान आलात." आणि त्यांना लिंबू सरबत दिलं. ती आता पार लांब राहते, तिथून दीड तास प्रवास करून इथल्या हॉस्पिटलात येते.

आणि तिथून, थेट, जोगेश्वरी. जयवंत मास्तरांकडे. चाळीस वर्षांची मैत्री, महिन्यातून एकदा एकमेकांकडे जाणं-येणं. म्हणजे बहुतेकदा जयवंत मास्तरच मुलुंडला यायचे, कोकणातून आलेलं काही ना काही पिशवीत घेऊन. एकटेच यायचे. सुगंधा वहिनी कधी आल्या नाहीत. दर वेळी काहीतरी, पाहुणे आहेत, गुडघा दुखतोय. सर म्हणायचे, वहिनी लाजाळू. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

सरांनी दारातच सांगून टाकलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती. जयवंता, मला ताप नव्हता, ठराव मीच मांडला होता.

जयवंत मास्तर म्हणाले, "माका ठावक होता. आधी आत ये."

आत आले, बसले. जयवंत मास्तरांनी पाणी दिलं आणि सांगितलं, "सोसायटीचं नकाराचं पत्र आलं ना, त्याच्यावर सही चेअरमनची होती. पण अक्षर? चित्रकलेचा मास्तर मी, तुझं अक्षर ओळखणार नाही? तू सोमवारी शाळेत येऊन मला म्हणालास, मला ताप होता रे. मार्तंडा, ताप आलेल्या माणसाची ओळ इतकी सरळ येत नाही."

सरांनी विचारलं, मग बोलला का नाहीस. जयवंत मास्तर म्हणाले, "बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. घर गेलं ते गेलं, मित्रही कशाला घालवू?"

"आणि वहिनी?"

"तिनं पत्र वाचलं त्याच दिवशी सांगितलं, तुमचा मित्र आहे, तुम्ही खुशाल जा, पण मी तो जिना चढणार नाही. नाही चढली."

सर रडले. बहात्तर वर्षांचा माणूस, परक्याच्या नाही पण मित्राच्या घरी, पाण्याचा ग्लास हातात धरून. मला हे सांगतानाही रडले, आणि मी काय करणार, मी आपला त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्या बघत उभा राहिलो. पण ऐका, संपलं नाही अजून. संपलं असतं तर बरं झालं असतं. सरांनी डोळे पुसले आणि जयवंत मास्तरांना ह्या अक्षताची गोष्ट सांगितली, सभेची, झेरॉक्सची, सगळी. म्हणाले, तू असतास तर असं केलं नसतंस जयवंता, तू भोगलंयस. तुला माहीत आहे.

आणि जयवंत मास्तर म्हणाले, "मी केलंय."

काय केलं होतं माहीत आहे? ते तिकडे त्यांच्या सोसायटीत चेअरमन. गेल्या वर्षी एक रिक्षावाला जागा घ्यायला आला, स्वतःची रिक्षा, दोन मुली कॉलेजात, सगळे कागद चोख. कमिटी म्हणाली नको. जयवंत मास्तरांनी नकारावर सही केली.

"दबाव होता का?" सरांनी विचारलं. विचारलं कसलं, विनवलंच म्हणा, की हो म्हण.

"थोडा होता. पण दबावानं नाही केली." जयवंत मास्तर हळू बोलत होते. "तुला म्हणून सांगतो. सही करताना बरं वाटलं. इतकी वर्षं दाराबाहेर उभा होतो, पहिल्यांदा वाटलं, आपण आत आहोत."

मग चहा झाला. निघताना जयवंत मास्तरांनी कोकमाची बाटली दिली, नेहमीसारखी, आणि म्हणाले पुढच्या महिन्यात मी येतो. आले नाहीत अजून. सरही गेले नाहीत. भांडण नाही हो, काहीच नाही. रविवारी फोन करतात एकमेकांना, तब्येत विचारतात, ठेवतात. इतकी वर्षं एकाला खोटं सांगायचं होतं आणि एकाला ते ऐकून घ्यायचं होतं, तर मैत्री टिकली. आता दोघांना सगळं माहीत आहे!

तेव्हापासून सर ते वाक्य म्हणत नाहीत. एकदा लिफ्टमध्ये मीच म्हटलं, सर, तुमचं ते, माहीत असलं की... तर माझ्याकडे बघून मान हलवली. ना हो, ना नाही.

पण स्मरणिका पुरी केली हं त्यांनी. चौऱ्याऐंशी सालावर चार पानं लिहिली, नावासकट, सूचकासकट, शेवटी जयवंत मास्तरांची आणि वहिनींची माफी. सुबोधकडे दिली. गेल्या रविवारी प्रकाशन झालं. हॉलमध्ये फुलांच्या माळा, सरांना शाल आणि नारळ, सुबोधचं भाषण, "ज्यांनी आम्हाला इतिहासाकडे बघायला शिकवलं..." मी सरांच्या बाजूलाच बसलो होतो. त्यांनी पुस्तक उघडलं. चार पानांच्या जागी पडद्यांच्या दुकानाची जाहिरात, पानभर. आणि चौऱ्याऐंशी सालाखाली एकच ओळ : "या वर्षी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्यात आले."

मला वाटलं, आता उठतील. आता बोलतील. सगळे बसलेत, माईक समोरच आहे. त्यांनी खिशातून पेन काढलं, ती ओळ परत एकदा वाचली, आणि तुम्हाला सांगतो, वॉटरप्रूफिंग झालं होतं सत्त्याऐंशीला... तेवढं साल दुरुस्त केलं, आणि टाळ्या वाजवायला लागले.