एका बॅनरच्या चार तारखा

हॅलो?… हां, बोल दिपाली. मंजुळाबाईच बोलते… अगं, रडतीस कावून? सावकाश सांग. हितं शाळेच्या वट्ट्यावर टॉवर लई जोरात हाय, तुझा हुंदकाबी ऐकू येतोय.

हो… हो… नोटीस? तुझ्या नावानं?… आधी मला एक सांग, मास्तरांच्या त्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदांतून तुला मिळणार काय व्हतं? राहू दे, मीच सांगते. अकरा महिन्यांच्या ऑर्डरीपुढं आणखी अकरा महिने. मास्तरांना शिकवायच्या केंद्रात एक खुर्ची, तीबी पाय मोडलेली. आन् त्या दिवशीची पुरीभाजी. झालं. एवढ्यासाठी चार महिने एका दिवसात उरकलेस व्हय गं?

हां, बिभीषण सरांनी सांगितलं, मान्य. त्ये केंद्रप्रमुख, तू कंत्राटी… अगं ऐक ना! मला सांगतीस? मी तिथंच व्हते. केंद्राचं अनुदान आलं जानेवारी संपता संपता, आन् खर्चलं न्हाई तर एकतीस मार्चला परत. पंगत उठल्यावर वाढपी आला. मग काय, त्याच आठवड्यात एक दिवस धरला; बॅनर एकच, तारखेवर पट्टी चिटकवायची. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जागा बदला, बसा, हसा, काढा फोटो…

हसू नको तर काय करू? माझी शाल डिसेंबरात माझ्या अंगावर आन् फेब्रुवारीत तुझ्या. मार्च आला म्हणून सरांनी स्वेटर काढून खुर्चीखाली कोंबला. तपासणीवाल्यांनी स्वेटरच धरला म्हण की…

न्हाई?… मग कुठला फोटो?… मार्चचा?… त्यात कोण?

…बजरंग?

अगं, काय बोलतीस. बजरंग बारा फेब्रुवारीला गेला. माझ्याच शाळेतला मास्तर. नेकनूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली… मीच मातीला गेलते.

…हां. उभा हाय? हातात काड्यांची मोळी?… धा काड्यांची एक मोळी, धा मोळ्यांचं शंभर. ऊसतोडीवरून परतलेल्या पोरांना तसंच शिकवायचा त्यो. त्या दिवशीबी आमी समदे फोटोपुरत्या वह्या उघडून बसलतो, ह्यो एकटाच खरंच शिकवत व्हता. म्हणून फोटो चांगला आला आसंल… आन् चांगला म्हणून तू शेवटच्या महिन्याला ठिवलास… फायली जानेवारीतच बांधलेल्या, मार्चात न बघता निस्तं पाठवायचं बटन दाबलंस. कळलं गं, कळलं.

सही?… सही तर खरीच हाय त्याची. चारी हजेऱ्यांवर एका दमात केलत्या आमी. पुरीभाजी थंड व्हायली व्हती म्हणून.

थांब जरा… ये वैष्णवी, बस. न्हाई, तिकडं नको, सावलीत बस… हां, दिपाली. त्याची बायकोच आलीय. हळू बोलते… अनुकंपाची फाईल हाय ना तिची. त्याच्या जागी शिपायाची का होईना, नोकरी लागायची. चार महिने झाले अडलीय, कावून ते कुणीच सांगंना…

काय?… तू बघितलास शेरा? वाच… ‘मयत कर्मचारी मार्चमध्ये प्रशिक्षणास हजर. खुलासा यावा.’

…आई गं.

बिभीषण सर काय म्हणतात?… टायपिंगची चूक? फोटोत उभा हाय माणूस! मढं टायपिंगनं हजर व्हतं का?

न्हाई न्हाई, तू लिवून देऊ नकोस. ऐक. ‘पट्टी आमीच चिटकवली’ म्हणून लिवलंस की उद्या तू घरी. दोन लेकरं हायेत तुला…

मी?… मी कावून?… हो, शेजारी बसलते, खरंय… हो, मुख्याध्यापिका हाय, कायमची हाय, माझ्या कागदाला वजन हाय, कबूल… ‘फोटो जानेवारीतला हाय’, एवढ्या दोनच वळी लिवायच्या, म्हणतीस. दोन वळींत माणूस बसतो गं, उठत न्हाई. ऑगस्टअखेर रिटायर व्हायली मी. चौकशी लागली की पेन्शन लटकली. चौतीस वर्षं झाली, दिपाली…

हां, लाडका व्हता. कुणी न्हाई म्हणलं? त्याच्या मोळ्या अजून कपाटात हायेत, पोरं त्याच्यावरच मोजत्यात…

तू थंड डोक्यानं हिशेब कर ना. गप बसलो तर बिभीषण सरांचं केंद्र खर्चात पहिलं. पैसा परत गेला न्हाई म्हणून वरचे खूश. तुझी ऑर्डर शाबूत. माझी पेन्शन शाबूत. समद्यांचं भागतंय…

काय म्हणलीस?… ‘मग भरलं कुणी?’

…हॅलो?… हॅलो, दिपाली? आवाज तुटतोय गं… हॅलो… टॉवर गेला वाटतं…

कटला बघ वैष्णवी. पंचायत समितीतलीच बाई व्हती… हां, तुझ्या फाईलचंच बोलत व्हते… न्हाई, फाईलीला लागायचा शाळेचा कागद आज न्हाई देता येत, वरून इचारावं लागतंय… पुढल्या सोमवारी ये… हां, खुरपणीचा रोज बुडला आसंल आज… तिकिटाला सुट्टे हायेत ना?… अगं, पाया कावून पडतीस, उठ… कितवा हेलपाटा म्हणायचा ह्यो तुझा?

…नववा म्हणतीस.

…दिपाली? तू हायस व्हय अजून लायनीवर?… ठेव. ठेव गं फोन.