मामाची जर्मन बंदूक

शेजारी कुणी लवंगी फटाका लावला तरी मी कानात बोटं घालते, इतकी मी भित्री. तरी मामाने आजोबांची शिकारीची रायफल तपासायला मलाच त्याच्या गावी, चामटोलीला बोलावलं. का, तर भाची कॉलेजात शिकली! ही परवान्याची बंदूक अस्सल जर्मन आहे, असं मामा सगळ्यांना छातीठोकपणे सांगतो. त्या दिवशी उल्हासनगरहून, म्हणजे जिथल्या कॅम्पांत हव्या त्या परदेशी मालाची नक्कल मिळते तिथून, त्याचे मित्र परमानंदशेठ आले होते. ते म्हणाले, "साईं, काहे का जर्मन? ये तो हमारे कॅम्प एक का माल है!" मामाचा चेहराच पडला.

मी मोबाइलवर वाचलं, की गावाचे आणि बनवणाऱ्याचे छाप नळीवर, लाकडाजवळ असतात. आमच्याकडे नेमके तिथेच दर दसऱ्याच्या पूजेच्या हळदकुंकवाचे थर! बंदूक रिकामी आहे हे मामाने दोनदा उघडून दाखवलं, तरी मी हात लांब धरूनच जुन्या टूथब्रशने घासत होते. आधी एक मुकुट दिसला, मग अक्षरं उमटायला लागली. तेवढ्यात मामीच्या कुकरची शिट्टी झाली.

मी अशी किंचाळले की ब्रश थेट माळ्यावर गेला. मामा पोट धरून हसत सुटला. शेठ मात्र कुठे दिसेनात.

मी वाचलं, "एस, यू, एच, एल. मामा, सुहल! जर्मनीतलं बंदुकांचं गाव!"

दिवाणाखालून आवाज आला, "पक्का ना, बेटा?"

मामा खाली वाकला. "काय शेठ, कॅम्प एकचा माल होता ना? मग शिट्टीला बार समजून दिवाणाखाली कशाला शिरलात?"