गंजावरचं झाकण

पवनीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारे शेतकरी आणि डबा घेतलेली एक तरुण बाई बोलत होते.

"नागपूरले जाऊन राहिली का, बाई?"

"हो काका. सासूबाई दवाखान्यात भरती आहेत. काल केमो झाली, काही खातच नाहीत. म्हणून गरम चिन्नोराचा भात नेऊन राहिली."

"गरम नोको देऊ. डबा बाहेर उघड, थंडा होऊ दे, मंग ने."

"काहून? चिन्नोराचा वास त्याइले लय आवडते."

"माह्या घरवालीले, आनंदीलेही आवडे. केमोनंतर ती जेवे नाही, म्हणून मी घरी तिच्या खाटेजवळच शेगडी मांडून गंजात चिन्नोर शिजवो. वासानं भूक लागन म्हणून."

"मंग?"

"त्या वासानंच तिले उलटी होये, मले वाटे औषधानं होते. दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगतलं, तवा शेवटची केमो चालू होती."

"काकू काही बोलल्या नाही?"

"पाव्हण्यासाठी राखलेला तांदूळ मी तिच्यासाठी काढला होता, कशी बोलन? मी समोर बसलो की दोन घास गिळे."

"एकदाही नाही?"

"एकदा म्हणाली, गंजावर झाकण ठेवा जी. मले वाटलं, माश्या बसतीन म्हणून म्हणते."