शंभरातून सात

नाही, काड्या तोंडात नाही घालायच्या — द्या इकडे, हं, अशा. पुन्हा मांडू. हे दहा गठ्ठे, एकेका गठ्ठ्यात दहा काड्या, झाल्या शंभर. यातून सात काढायच्या. सुटी काडी एकही नाही, मग काय करायचं? अहो, माझ्याकडे काय बघताय, काड्यांकडे बघा — एक गठ्ठा सोडायचा! शून्यातून सात जात नाहीत, शेजारी उसने मागायला जा, हे तुम्हीच सांगायचात ना वर्गात? जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांकडून वजाबाक्या घोटून घेतल्यात आणि आज — बरं, बरं, ओरडत नाही. रबर काढा. सात बाजूला ठेवा. उरल्या किती? आठ? तीन दिसतायत समोर, आठ कुठून आणल्यात?

राहू द्या काड्या. डॉक्टर काही काड्या घेऊन येणार नाहीत. पाचला येतील, समोर बसतील आणि म्हणतील, शंभरातून सात-सात काढत चला. मागच्या खेपेला तुम्ही उलट त्यांनाच विचारलंत, तुमचं पोर कितवीत आहे म्हणून. आज जमलं नाही तर लेक-जावई तुम्हाला त्या गावाबाहेरच्या संस्थेत ठेवणार — ठरलंय त्यांचं. आई, तुझे हाल बघवत नाहीत, म्हणते. हाल कसले डोंबलाचे? माझ्या दंडावरचा वळ दार लागून झाला, असं सांगितलंय मी, तुम्हीही तेच — नाही, तुम्ही काही सांगूच नका. गॅस मीच चालू ठेवला, असंही सांगितलंय. आणि झोपेचं म्हणाल तर दारातच अंथरूण टाकते, मला ओलांडल्याशिवाय तुम्ही बाहेर जाणार कसे? कधी कधी वाटतं, चुकावंत तुम्ही, न्यावं त्यांनी, एकदा पोटभर झोपावं — जीभ झडो माझी. तुम्ही नसलात तर हे घर खायला उठेल मला.

म्हणून सांगते, सरळ पाठ करा. पोपटाला मार्क देत नसतो मी — माहितेय, तुमची सगळी वाक्यं तोंडपाठ आहेत मला. पण आजच्या दिवस पोपट व्हा. म्हणा माझ्यामागून. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर. पासष्ट. पुन्हा. आता एकट्यानं — अगंबाई! न अडखळता! अजून एकदा म्हणा, ऐकू द्या मला. कोण म्हणतं माझा मास्तर गेला? थांबा, डोळे पुसते. आणि मधूनच विचारलं तर? डॉक्टरांचा काय नेम. समजा — नव्वदातून सात?

काय म्हणालात?

त्र्याण्णव. नव्वदातून सात काढल्यावर त्र्याण्णव उरले. अहो, वाढले की ते! नीट ऐका — शंभर नाही, नव्वद. नव्वदातून — शहाऐंशी, एकोणऐंशी... पुरे. पुरे हो. बरोबर आहे. बरोबर म्हणते ना मी, रडू नका. हात किती गार पडलेत तुमचे.

बेल वाजली. उठू नका, बसून राहा, मी उघडते — या, डॉक्टर. लेक खाली गाडी लावतेय ना? मग ती वर यायच्या आत एक ऐका माझं. शंभरापासूनच विचारा. एवढं करा — शंभरापासूनच.